एका हाताचं स्टेअरिंग

बारागोई
१४ फेब्रुवारी १९९३

प्रिय लेंगुरिस मामा,

सोपा, नमस्कार. हे पत्र मारालालच्या ड्रायव्हरबरोबर धाडते आहे, म्हणजे पोस्टाच्या आधी नाकुरूला पोचेल. इकडे सगळे सुखरूप. आईला आता फारसं दिसत नाही, पण माझ्या पावलांवरून ओळखते आणि लगेच चहात दूध कमी पडलं म्हणून भांडायला लागते. म्हणजे ठीक आहे.

मामा, एक विचारायचं होतं. हसू नका. आपल्या लँड रोव्हरला पॉवर स्टेअरिंग बसवता येईल का?

जानेवारीत पुन्हा जनावरं पळवली गेली, आधी तुर्काना जमातीनं आपली, मग आपल्या जमातीनं त्यांची. तेव्हापासून मारालालच्या रस्त्यावर आपल्या लोकांच्या गाड्या तुर्कानांच्या वस्तीपुढे अडवतात आणि त्यांच्या गाड्या आपल्या वस्तीपुढे. बहुतेकांनी गाड्या उभ्याच करून ठेवल्यात. दवाखान्यातले आजारी, शाळेचा मका, सगळं आपल्या एका गाडीकडे डोळे लावून बसलंय. इंजिनाची काही तक्रार नाही. पण स्टेअरिंग! नदीच्या वाळूत आणि घाटाच्या वळणावर दोन हात आणि वर छातीसुद्धा लावावी लागते. आणि आता वेळ अशी आली आहे की गाडी एका हातानं वळली पाहिजे.

काय ते कळवा. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
नमान्याक


नाकुरू
३ मार्च १९९३

नमान्याक, पोरी,

पॉवर स्टेअरिंग म्हणे! उद्या गाडीत पंखा बसवा म्हणशील, परवा पलंग.

मी वीस वर्षं तो रस्ता त्याच गाडीनं तुडवला. गिऱ्हाइकांना सांगायचो, लँड रोव्हर जड नसते, चालवणाऱ्याचं मन जड असतं. हे तुला म्हणत नाही. तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस, हे मी मामीसमोर कबूल केलंय. तिनं ते अर्ध्या नाकुरूला सांगितलं.

आधी साधं बघ. रेडिएटरच्या पुढे चासीत, गाडीच्या सांगाड्यात, एक उभी नळी आहे. स्टेअरिंगचं वळण तिच्यातूनच चाकांकडे जातं. ती आतून कोरडी पडली की गाडी गाढवासारखी अडून बसते. वरचा बोल्ट काढ आणि पिईल तेवढं तेल पाज. पुढच्या टायरांत हवा भर. वाळूसाठी सोडलेली हवा परत भरायचा कंटाळा तू करतेस, मला ठाऊक आहे.

पण हाताला काय झालं ते आधी लिही. पडलीस? मोडला? एवढी मोठी गोष्ट एका ओळीत लिहून पुढे गेलीस. हात गेला असेल तर गाडी विकून टाक. इसिओलोच्या व्यापाऱ्यानं मागे विचारलं होतं. दुकान घाल, सुखानं बस.

आणि त्या वस्तीजवळून जाऊ नकोस. ज्याचं नाव आपण आता घेत नाही, तो असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं. एकुलता एक मुलगा मी त्यांच्या गोळीला दिला. भाची देणार नाही.

मामा


बारागोई
२१ मार्च १९९३

प्रिय मामा,

नळीला तेल पाजलं. लग्नाला आलेली म्हातारी चहाची किटली रिकामी करते तशी ती पीतच राहिली. टायरांतही हवा भरली, टोमणा पोचला. फरक पडला, खोटं कशाला सांगू. मैदानात आता बरी वळते. पण घाटात आणि नदीत मूळ स्वभाव तोच.

हाताची काळजी करू नका. दुखणं कधीच थांबलंय. जोर तेवढा राहिला नाही.

विकण्याचं मात्र पुन्हा लिहू नका. सहा वर्षांपूर्वी तुम्ही बारागोई सोडलंत आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. अजून लोक तिला ‘लेंगुरिसची’ म्हणतात. ती कुठे अडली, बंद पडली, असं कधी झालं नाही. मागच्या आठवड्यात तापानं फणफणलेल्या तीन पोरांना आणि एका आजोबांना घेऊन उत्तरेला मिशनच्या दवाखान्यात गेले. आजोबा छपरावर बसायचा हट्ट धरून होते, म्हणाले, “लेंगुरिसच्या गाडीत मी नेहमी वरच बसतो.” अशी गाडी इसिओलोच्या माणसाला देऊन साबण विकत बसू?

तेव्हा सांगा. पॉवर स्टेअरिंग कुठलं, कसं, कुणाचं?

नमान्याक


नाकुरू
१२ एप्रिल १९९३

नमान्याक,

हट्टी बाईशी वाद घालण्यापेक्षा वेल्डिंग सोपं. तर ऐक.

तीन वाटा आहेत. पहिली, नव्या लँड रोव्हरचा स्टेअरिंगचा डबा काढून आपल्या गाडीला लावायचा. घराणं एकच, पण त्यासाठी चासीचं पुढचं टोक कापावं लागतं आणि रेडिएटर पुढे ढकलावा लागतो. या चासीला आजवर कुणी करवत लावलेली नाही. मला तर ऐकूनच कसंतरी होतं.

दुसरी, टोयोटाचा डबा. इथे मोडक्या टोयोटांचे ढीग पडलेत, सुटा भाग मार्साबिटपर्यंत कुठेही मिळतो. चासीला जाड पत्रा वेल्ड करून डबा टांगायचा, इंजिनावर पंप. मी एका फॉरेस्ट रेंजरला करून दिलंय. लोण्यातून सुरी फिरावी तसं स्टेअरिंग फिरतं. तो रेंजर आता एका हातानं चालवतो आणि दुसऱ्या हातानं मका खातो. माझा सल्ला हाच.

तिसरी जुनी आहे. आताची पोरं तिला हसतात. आपला डबा, आपली नळी, सगळं जागच्या जागी राहतं. फक्त पुढच्या आडव्या दांड्याला तेलाच्या दाबानं सरकणारा एक सिलिंडर जोडायचा. तू वळवायला लागलीस की तो मागून रेटा देतो, शेजारी येऊन गाडीला खांदा लावतो तसा. पूर्वी शेतावरच्या लॉऱ्यांना असायचं. टोयोटाइतकं हलकं होत नाही आणि नळ्या उघड्यावर राहतात.

पाऊस संपायच्या आत ठरव.

मामा


बारागोई
२ मे १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आई म्हणाली, “नवऱ्याची पत्रंसुद्धा एवढी वाचली नव्हतीस.”

एकच प्रश्न घेऊन बसले होते. पंप पट्ट्यावर चालतो. आपल्या रस्त्यावर पट्टा तुटला तर?

मारालालच्या रस्ते खात्याचा एक ड्रायव्हर सरकारी गाडी घेऊन इथे आला होता, त्याच्या गाडीला तुम्ही म्हणता तसा टोयोटाचा डबा आहे. त्याला म्हटलं, इंजिन बंद ठेव आणि मला उतारावर स्टेअरिंग धरू दे. तो म्हणाला, “बाई, खुळी आहेस का?” पण दिलं धरायला. मामा, आपल्या गाडीपेक्षाही जड! दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा कुठे जरासं हललं. चालू असताना लोणी आणि बंद पडलं की दगड.

मग इंजिन चालू करून फिरवलं, तर दुसरीच गोष्ट कळली. पुढचं चाक कुठल्या दगडावर आहे ते हाताला समजेचना. आपली गाडी हाताशी बोलते. हा धोंडा पक्का आहे, हा निसटेल, इथे वाळू पोकळ आहे. जड आहे, पण मुकी नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, पहिल्याच दिवशी, डोळे मिटायला लावून.

म्हणून मला तिसरी वाट हवी आहे. शेजाऱ्याच्या खांद्याची. शेजारी निघून गेला तरी आपली गाडी आपल्या हातात उरते.

नमान्याक


नाकुरू
२४ मे १९९३

नमान्याक,

तुझं पत्र मी गॅरेजात मोठ्यानं वाचलं. इथे स्वतःला इंजिनाचे डॉक्टर म्हणवणारे चार जण आहेत, त्यातल्या एकानंही मला पट्ट्याचा प्रश्न विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. शहरात राहून माणूस सपाट रस्त्याचा विचार करायला लागतो.

तिसरी वाट तर तिसरी. न्जोरोकडच्या एका गव्हाच्या शेतावर जुनी लॉरी मोडीत निघाली आहे, तिचा सिलिंडर आणि वाल्व मी उतरवून आणलाय. आत गंज नाही. रबरी सील नवे घालतो. पंपाची बैठक गॅरेजातला आपला किप्रोनो वेल्ड करेल. त्याच्या जोडाला मी हातोडा मारून पाहिलाय, हातोडा थकला. पाऊस ओसरला की ती वस्ती टाळून, लांबच्या वळशानं गाडी घेऊन ये. मामी चपात्या लाटायला आतापासूनच बाह्या सरसावून बसली आहे.

मामा


नाकुरू
११ जुलै १९९३

नमान्याक,

सुखरूप पोचलीस हे ड्रायव्हरकडून कळलं. सिलिंडर बसवायचं काम मलाही आवडलं. या वयात एखादं काम असं मनासारखं जमलं की दोन दिवस जेवण गोड लागतं.

आता दुसरं. तू इथे होतीस तेव्हा बोललो नाही, कारण मामी होती, आणि तू हसत होतीस.

तुझा हात धडधाकट आहे. स्टेपनी तू एकटीनं उचलून बॉनेटवर ठेवलीस. पण काम झाल्यावर सीटवर बसलीस तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवलास आणि डाव्या हातानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलंस. पुन्हा पुन्हा. कुणाच्या तरी जागी बसून पाहावं तशी. मग गिअर टाकायला हात मोकळा नाही हे बघून तू मधल्या सीटकडे पाहिलंस.

मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. उजवा हात अधू असलेलं कोण माझी गाडी चालवणार आहे?

खरं लिही.

मामा


बारागोई
३० जुलै १९९३

प्रिय मामा,

खरं लिहिते. बसून वाचा.

तिचं नाव अकाई आहे. ती तुर्काना आहे.

मिशनच्या पाण्याचा ट्रॅक्टर ती चालवायची. चार वर्षांपूर्वी आपल्या तरुण मोरान लढवय्यांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला तेव्हा तिच्या उजव्या दंडाला गोळी लागली. हात आहे, पण जोर नाही. त्यानंतर ट्रॅक्टर गेला, नवराही गेला, दुसरीकडे. ती राहिली. बारागोईच्या बाजारात आमची ओळख झाली ती भांडणातून. माझ्या गाडीचा आवाज ऐकून ती म्हणाली, “तुझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडते, तुला ऐकू येत नाही?” खरंच रडत होती.

त्यांच्या वस्तीपुढून मी जाऊ शकत नाही आणि आपल्या वस्तीपुढून ती. पण दोघी एका सीटवर असलो तर? फेब्रुवारीत हे आम्ही ठरवलं. आपल्या बाजूला मी चालवायची. त्यांच्या बाजूला तिनं. तिच्या पायांत ड्रायव्हर आहे, डावा हात पक्का आहे, फक्त आपलं स्टेअरिंग एका हाताला वळत नव्हतं. गिअर मी मधल्या सीटवरून टाकते. ती ओरडते, “दुसरा!” आणि मी टाकते. आता ओरडावंही लागत नाही.

तुमच्यापासून लपवलं. खोटा शब्द मात्र एकही लिहिला नव्हता. हात कुणाचा ते तेवढं लिहिलं नाही. नाव लिहिलं असतं तर तुम्ही सिलिंडर आणला नसता. रागवायचं तर रागवा, पण गेल्या मंगळवारी काय झालं ते आधी ऐका.

लेंपाकानींच्या धाकट्या सुनेचं बाळ आडवं आलं होतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, मारालाललाच न्यावं लागेल. मागे गादी टाकली, तिला आणि तिच्या सासूला बसवलं. सासूनं अकाईला पाहिलं आणि उतरायलाच लागली. सून कण्हत म्हणाली, “आई, तुम्ही उतरा. मी जाते.” मग सासूनं पाय परत आत घेतला.

तुर्कानांच्या वस्तीपुढे रस्त्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या. बंदुका घेतलेले पाच-सहा तरुण. स्टेअरिंगवर अकाई.

एकानं विचारलं, “मागे कोण आहे?”

“अडलेली बाई.”

“कुणाची?”

अकाई म्हणाली, “पोट कुणाचं ते विचारायला तू सुईण झालास का रे? ये मग, चढ मागे, ओढ बाळाला बाहेर. नाही जमत? मग फांद्या ओढ, तेवढं तरी जमेल.”

सासूनं सुनेच्या तोंडावर पांघरूण ओढलं होतं, गळ्यातले आपल्या जमातीचे मणी दिसू नयेत म्हणून. तो पोरगा अकाईकडे बघत राहिला. मग दुसराच कुणीतरी हसला, म्हणाला, “ही माझ्या आईसारखीच बोलते.” आणि फांद्या बाजूला झाल्या.

घाट लागला तरी स्टेअरिंग तिच्याकडेच ठेवलं, थांबून जागा बदलायला वेळ नव्हता. तिसऱ्या वळणावर पुढून फटकन आवाज आला आणि अकाईच्या हातातलं स्टेअरिंग थबकलं. पट्टा गेला होता. एका बाजूला दरी, गाडी पहिल्या गिअरमध्ये चढतेय, तिथे थांबली असती तर मागे घसरली असती. अकाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या सीटवरून उजवा हात टाकला. तिचा डावा आणि माझा उजवा. तिनं खाली ओढलं, मी वर रेटलं. आणि मामा, गाडी वळली. जड, पण आपली ओळखीची जड. पुढचं चाक एका सैल धोंड्यावर चढत होतं ते दोघींच्या हातांना एकदमच कळलं आणि दोघींनी एकदमच सोडलं, जरासं, हवं तेवढंच. टोयोटाचा डबा असता तर आज हे पत्र लिहायला मी नसते.

माथ्यावर सपाट जागी थांबलो तेव्हा अकाई खाली उतरली आणि बॉनेटवर डोकं टेकवून उभी राहिली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर गाडीला म्हणत होती, “शाबास, म्हातारे.” मग आम्ही नवा पट्टा चढवला. पाना मी फिरवला, पट्टा तिनं गुडघ्यानं ताणून धरला.

मुलगी झाली. आई बरी आहे. सासूनं दवाखान्याच्या पायरीवर अकाईसमोर दुधानं भरलेलं भोपळ्याचं भांडं धरलं. अकाई पिऊन होईपर्यंत ती हलली नाही.

मी फार माणसं पाहिली नाहीत, मामा. पण इतकं धीट कुणी पाहिलं नाही. ज्यांनी तिचा हात नेला त्यांच्या सुनेसाठी ती आपल्या लोकांच्या बंदुकांपुढे थट्टा करत उभी राहिली.

आता तुम्ही सांगाल ते ऐकेन. गाडी तुमची आहे.

नमान्याक


बारागोई
१९ सप्टेंबर १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र नाही. ड्रायव्हर म्हणतो तुम्ही गॅरेजात असता, पण त्याच्याशी बोलला नाहीत.

गाडी मी थांबवलेली नाही. तुम्ही सांगेपर्यंत थांबवावी असं आधी वाटलं होतं, पण लोक दाराशी येऊन बसतात. मागच्या फेरीत दोन्ही जमातींच्या सासू-सुना होत्या आणि मागे बसून तंबाखूवरून भांडत होत्या. गोळ्यांपेक्षा ते ऐकायला बरं वाटलं.

रागानं का होईना, पण लिहा.

नमान्याक


नाकुरू
१० ऑक्टोबर १९९३

नमान्याक,

तुझं जुलैचं पत्र वाचून मी ते मामीकडे फेकलं आणि बाहेर निघून गेलो. मला राग आला. अजून आहे. ती सीट माझी. तिच्यावर माझ्या मांडीत बसून लहानपणी तो हॉर्न वाजवायचा. त्या सीटवर त्यांच्यातलं कुणी बसलंय हे मनात आलं की हातातला पाना कुठे ठेवला ते आठवत नाही. तू नाव लिहिलं असतंस तर मी सिलिंडर आणला नसता, हे तू बरोबर ओळखलंस. याचाही राग आला.

एकदा जेवताना मामी म्हणाली, “लेंपाकानींची नात आज कुठे असती?” मी म्हटलं, “गप जेव.” ती म्हणाली, “मी जेवतेच आहे. तुम्ही जेवत नाही.”

मी ड्रायव्हरही आहे, नमान्याक. तुझ्यावर चिडलेला असतानासुद्धा ते तिसरं वळण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आतली बाजू खचलेली, बाहेर दरी, पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी आणि पट्टा गेलेला. मी तिथे दोन हातांनी काय केलं असतं ते बरेच दिवस मनात करून पाहतोय. प्रत्येक वेळी वळतेच असं नाही. तुमची वळली. दोन बायकांचे दोन हात, आणि धोंडा दोघींना एकाच वेळी कळला. हे मला शिकवता आलं नसतं. मला स्वतःलाही येत नाही.

पट्टा उगीच तुटत नाही. पंपाची पुली रेषेत नसणार. इंजिनाच्या आणि पंपाच्या पुलीवर दोरी ताणून बघा. बाहेर असेल तर आत एक पातळ वॉशर घाला.

आणखी एक. एका हातानं पूर्ण वळण घेताना दर वेळी पकड बदलावी लागते, त्या क्षणी स्टेअरिंग कुणाच्याच हातात नसतं. घाटात ते बरं नाही. शेतावरच्या ट्रॅक्टरला स्टेअरिंगवर एक फिरता गोळा असतो. तो धरला की हात न सोडता चाक पूर्ण फिरतं. बाजारातले गोळे प्लास्टिकचे, उन्हात तडकतात. मी ऑलिव्हच्या लाकडाचा करतोय. खाली बेअरिंग बसवलंय. लाकूड अजून मोठंच ठेवलंय, कारण माप नाही.

तिचा डावा तळहात कागदावर ठेव आणि पेन्सिलनं आखून पाठव. बोटं पसरून नको. स्टेअरिंग धरताना असतात तशी, जराशी मिटलेली.

मामा